जलशातील हास्य आणि तालपुट नटाचा प्रश्न

संयुत्तनिकायाच्या गामणिसंयुत्तात तालपुट नावाच्या नटांच्या मुख्याचे एक सुत्त आहे. राजगृहाच्या वेळुवनात तो भगवान बुद्धांकडे येतो आणि विचारतो : रंगमंचावर, जत्रेच्या गर्दीत, खऱ्याखोट्याच्या मिश्रणाने जो नट लोकांना हसवितो तो मरणोत्तर हसणाऱ्या देवांच्या लोकी जन्मास येतो, असे आम्ही आमच्या जुन्या नटाचार्यांकडून ऐकत आलो आहोत, भगवंतांचे यावर काय म्हणणे आहे? भगवान त्यास दोनदा थांबवितात. तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर देतात आणि ते उत्तर कठोर आहे. लोक आधीच राग, द्वेष व मोह यांनी बांधलेले असतात (हा पालीतील राग, म्हणजे आसक्ती; मराठीतील क्रोध नव्हे). नट त्यांच्यापुढे याच तिघांना चेतविणाऱ्या गोष्टी अधिकाधिक मांडतो, स्वतः प्रमत्त होतो व इतरांस प्रमत्त करतो. म्हणून त्याची गती हसणाऱ्या देवांची नव्हे. 'पहास' नावाच्या निरयाची आहे.

हे सुत्त पुढे करून बौद्ध उपासकांनी नाट्यापासून दूरच राहावे, असे प्रतिपादन करणारे काही सज्जन आम्हांस अधूनमधून भेटतात. उपोसथाच्या दिवशी पाळावयाच्या शीलांत नृत्य, गीत, वादित व तमाशे पाहणे वर्ज्य सांगितले आहे, तेही ते जोडीला देतात. परंतु महाराष्ट्रातील ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्म स्वीकारला, त्या समाजापर्यंत नव्या विचारांची वार्ता प्रथम छापील कागदाने पोहोचली नाही. ती ढोलकी-तुणतुण्याने पोहोचली. वाचता न येणाऱ्या माणसाला महाडचा सत्याग्रह कळला तो पुष्कळ ठिकाणी जलशातून. मग त्या जलसाकारांचे हास्य तालपुटाच्या हास्यात जमा धरावयाचे काय? हा प्रश्न आम्हांस केवळ पांडित्याचा वाटत नाही.

पथनाट्य म्हटले की आजच्या वाचकाला १९४३ साली स्थापन झालेली 'इप्टा' आठवते, किंवा १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना ज्यांच्यावर हल्ला झाला व दुसऱ्या दिवशी ज्यांचे निधन झाले ते सफदर हाश्मी आठवतात. महाराष्ट्रात मात्र उघड्या मैदानात, चावडीपुढे, चाळींच्या मधल्या जागेत सत्तेला हसण्याची परंपरा याहून बरीच जुनी आहे. तिचा आरंभ शोधताना महात्मा जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' या १८५५ मधील नाटकाशी थांबावे लागते. एका गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहपीडेची भीती घालून जोशी तिच्या घरात शिरतो आणि नवरा-बायकोला नागवितो, एवढे त्याचे कथानक. पण नाटक चालते ते विदूषकाच्या जोरावर. जोशी एक वाक्य बोलतो आणि विदूषक त्या वाक्याच्या पोटात काय आहे ते प्रेक्षकांना सांगतो. संस्कृत नाटकातील विदूषक बहुधा राजाचा खादाड ब्राह्मण मित्र असतो. जोतीरावांनी त्याला लुबाडल्या जाणाऱ्यांच्या बाजूला आणून बसविले. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. जलसा हे त्याचे प्रचारसाधन पुढे वाढले आणि १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिल्यानंतर कोल्हापूर-सातारा भागात ते चांगलेच फोफावले. सत्यशोधकांनी नवे नाट्य निर्माण केले नाही, तमाशाचे घर घेऊन त्यातील सामान बदलले. तमाशाचा क्रम गण, गौळण, बतावणी, लावणी, वग असा. गणात गणेशाच्या स्तवनाऐवजी निर्मिकाचे स्तवन आले. लावणीतील शृंगार गेला, नाचीही गेली. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. गौळणीचा विचार मात्र थोडा थांबून केला पाहिजे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या स्त्रियांची वाट अडवून कृष्ण दाण मागतो, पेंद्या मध्ये मध्ये अचरटपणा करतो व मावशी त्याला उत्तरे देते, अशी ही चौकट. वाट, वाट अडविणारा, त्याने मागितलेला कर आणि अडविलेल्यांची उलट उत्तरे, एवढे साहित्य ज्याच्या हाती आयते आले त्याला समाजप्रबोधनासाठी दुसरे काय हवे? गौळणीतून शृंगार काढून घेतला की मागे उरते ती उलटतपासणीच.

येथे पालीच्या अभ्यासकास थेरीगाथेतील पुण्णिका आठवल्याशिवाय राहत नाही. ती पाणी भरणारी दासी. मालकिणींच्या शिक्षेच्या भयाने कडक थंडीत नदीत उतरते. तेथे एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करीत असतो. तुला कोणाचे भय, असे ती विचारते. पापक्षालनासाठी स्नान करतो, असे तो म्हणतो. मग बेडूक, कासवे, साप, सुसरी सगळीच स्वर्गाला जात असतील, असे ती म्हणते. आणि हे पाणी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल, मग तुझ्यापाशी राहिले काय, असेही विचारते. गाथेचे वृत्त काढून ठेवले तर ही शुद्ध बतावणी आहे. जलसाकारांनी थेरीगाथा वाचली होती असे आम्ही म्हणत नाही. वाचण्याचे कारणही नव्हते. पाणवठ्यावर राबणाऱ्या माणसाला शुद्धीचे शास्त्र सांगितले की हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उठतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्राशन केल्यावर तेथील सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून तळे शुद्ध करून घेतले. या विधीचे विडंबन करण्यासाठी जलसाकाराला पदरचे काही घालावे लागण्यासारखे नव्हते.

त्रिपिटकात असे प्रसंग आणखी आहेत. केवट्टसुत्तात चार महाभूतांचा निरोध कोठे होतो हे विचारत एक भिक्खू थेट महाब्रह्म्यापाशी जातो. महाब्रह्मा देवसभेत तीनदा आपल्या पदव्या मोठ्याने सांगतो आणि शेवटी भिक्खूचा हात धरून त्याला बाजूला नेऊन म्हणतो की मलाही ठाऊक नाही, पण या देवांसमोर कसे सांगू! चारचौघांतील बढाई आणि कोपऱ्यातील कबुली यांच्यामधले जे अंतर, त्यावर वगातील राजा-प्रधानाचे सगळे विनोद उभे असतात. अग्गञ्ञसुत्तात ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याच्या अभिमानाला दिलेले उत्तर तर कोणत्याही जलशात जसेच्या तसे खपले असते : ब्राह्मणांच्या बायकाही गरोदर राहताना, प्रसूत होताना, मुलांना पाजताना दिसतात. तथागतांना हास्याचे वावडे होते, ही समजूत मूळ ग्रंथ न वाचल्याचा परिणाम आहे.

मग तालपुटाला दिलेले उत्तर? आमच्या मते त्या उत्तरात बंदीपेक्षा कसोटी अधिक आहे. हसविणे हा दोष तेथे सांगितलेला नाही. त्या हसण्याने राग, द्वेष, मोह वाढतात की घटतात, हे पाहिले आहे. तमाशातून राग काढून टाकण्याचे काम जलशाने केले. या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दृष्टी किती स्वच्छ होती हे एका प्रसिद्ध हकिकतीवरून दिसते. पठ्ठे बापूराव हे त्या काळचे नामांकित तमासगीर, जन्माने कुलकर्णी ब्राह्मण. त्यांच्या फडातील पवळा ही महार समाजातील कलावती. बापूरावांनी महाड सत्याग्रहाच्या निधीसाठी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. चळवळीला पैशाची निकड असतानाही बाबासाहेबांनी ते नाकारले. ज्या समाजाच्या प्रतिष्ठेसाठी लढा चालला होता, त्याच समाजाच्या स्त्रीला नाचवून त्याचा खर्च भागविणे त्यांना मान्य नव्हते. अट्ठकथेत तालपुटाबरोबर पाचशे स्त्रियांचा परिवार असल्याचे सांगितले आहे, ते येथे लक्षात घ्यावे. या नकारामुळे पवळासारख्या कलावतींच्या पोटाचा प्रश्न सुटला नाही, हेही खरे आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फार उशिरा सुरू झाली.

मोहाविषयी विवाद नाही. ग्रहपीडा, नवस, शुद्धी-अशुद्धी यांचा पोकळपणा दाखविणारे हास्य मोह कमीच करते. अवघड आहे ते द्वेषाचे. जलसा ज्यांना हसे त्यांच्याविषयी तो द्वेष वाढवीत नव्हता काय? सरसकट 'नाही' म्हणणे इतिहासाला सोडून होईल. १८९० नंतरच्या दशकात पुण्याच्या गणेशोत्सवातील मेळ्यांनी मुसलमानांविरुद्ध व सुधारकांविरुद्ध पदे गायिली. १९२० नंतर त्यांना उत्तर म्हणून ब्राह्मणेतरांचा छत्रपती मेळा रस्त्यावर आला. त्या वातावरणातच दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक १९२५ साली निघाले. टिळक-चिपळूणकरांवरील त्याची भाषा इतकी जहाल होती, की अब्रूनुकसानीचा खटला होऊन शिक्षा झाल्या. १९२६ मध्ये अपिलात आरोपींच्या वतीने डॉ. आंबेडकर उभे राहिले व आरोपी सुटले. आरोपींचा बचाव करणे हे बॅरिस्टराचे कर्तव्य होते आणि ते त्यांनी उत्तम बजावले. परंतु तो प्रकार धम्माच्या कसोटीला उतरतो असे आम्हांस म्हणता येणार नाही. मेलेल्या माणसाची निंदा ऐकून हसणारा श्रोता घरी जाताना स्वतःविषयी काही नवे शिकून जात नाही.

आंबेडकरी जलशाचे वैशिष्ट्य आम्हांस नेमके येथे दिसते. नाशिक जिल्ह्यात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच जिल्ह्यात १९३१ पासून भीमराव कर्डक यांच्या जलशाची वाटचाल सुरू झाली. कर्डकांचा एक जलसा माझ्या दहा सभांच्या बरोबरीचा, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. या जलशांनी सावकार, गावचा पाटील, देवळाचा पुजारी व काँग्रेसचे पुढारी यांना सोडले नाही. १९३२ चा पुणे करार आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा हे त्यांचे विषय झाले. पण हास्याचा पहिला घाव पुष्कळदा आपल्याच घरावर पडे. मृतमांस खाणारा, वतनाच्या भाकरीला हक्क समजून कवटाळणारा, पोराला शाळेत न घालता दारूत पैसा उडविणारा, देवीला मुलगी सोडणारा माणूस वगात उभा केला जाई आणि समोर बसलेला माणूस त्याला हसता हसता स्वतःला ओळखी. बाहेरच्याने हे केले असते तर तो अपमान ठरला असता, आणि गावचा तमाशा शतकानुशतके तसा अपमान करीतच आला होता : सोंगाड्या महार-मांगांतला, त्याच्या फजितीला हसणारा वाडा दुसऱ्याचा. जलशात हसणारा आणि ज्याला हसायचे तो, दोघे एकाच वस्तीतले झाले. द्वेषाला येथे जागा कमी पडते, कारण ज्याच्यावर शस्त्र धरले तो आपणच असतो.

तालपुटाच्या सुत्ताचा शेवट येथे सांगणे उचित होईल, कारण तो सहसा सांगितला जात नाही. उत्तर ऐकून तालपुट रडू लागतो. मी यासाठीच तुला थांबवीत होतो, असे भगवान म्हणतात. त्यावर तालपुट सांगतो की भगवंतांच्या बोलण्याने मी रडत नाही; जुन्या नटाचार्यांनी मला इतका दीर्घकाळ फसविले म्हणून रडतो. परंपरेने आपल्याला फसविले, हे एका कलावंताला कळण्याचा हा क्षण आहे. पुढे तो प्रव्रज्या घेतो, अर्हत होतो, आणि थेरगाथेत त्याच्या नावावर जे दीर्घ काव्य आहे त्यात तो स्वतःच्या चित्ताला समोर उभे करून, त्याच्या थापा मोजून दाखवीत, त्याची उलटतपासणी घेतो. नटाची विद्या त्याने टाकली नाही, असे ते काव्य वाचताना आम्हांस वाटते. सम्राट अशोकानेही पहिल्या शिलालेखात 'समाज' भरविण्यास मनाई करताना काही समाज आपल्याला चांगले वाटतात, अशी पुस्ती जोडली आहे. आणि चौथ्या लेखात विमाने, हत्ती व अग्निस्कंध यांची दृश्ये लोकांना दाखविल्याचा उल्लेख केला आहे.

जलसा पुढे मंदावला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने वगाचा धागा वेगळ्या पक्षात नेला. धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांत गायनपार्ट्या आल्या. वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२–२००४) लोककवीने तो काळ समृद्ध केला, याबद्दल दुमत होऊ नये. परंतु आठ-दहा जणांच्या ताफ्याची जागा एक गायक व पेटी-तबला यांनी घेतली तेव्हा सोंगाड्याला उभे राहायला ठिकाण उरले नाही. वंदनेच्या गीतात बतावणी बसत नाही. जयंतीच्या रात्री ध्वनिक्षेपकावरून जे ऐकू येते त्यात आता बाबासाहेबांची थोरवी आहे, शत्रूंचा धिक्कार आहे. आपल्या स्वतःच्या मोहाला हसणारे वाक्य क्वचित सापडते.

झाले ते आणखी एका कारणाने भरून न येणारे आहे. पदे पाठ होती, वह्यांत उतरविलेली होती, काही छापलीही गेली. बतावणी मात्र त्या रात्रीची, त्या गावची असे. समोर पाटील बसला आहे की पोलीस, हे पाहून ती ठरे. ती कोणी लिहिली नाही. भीमराव कर्डकांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा पहिल्या फळीतील बहुतेक सोंगाडे काळाआड गेले असतील. दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, 'पुरोगामी सत्यशोधक'च्या अंकात 'तृतीय रत्न' प्रथम छापले गेले; जोतीरावांचा विदूषक तोवर १२४ वर्षे हस्तलिखितात बोलत होता.