मूकपट, टॅब्लेट आणि एक खोडलेली नोंद

अलिबागच्या घरी टॅब्लेटवर ‘राजा हरिश्चंद्र’ पाहताना चित्राच्या चारही बाजूंना काळी पट्टी दिसली. ती का, याचा शोध घ्यावासा वाटला.

दादासाहेब फाळके यांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचे एवढीच दोन उरली आहेत. तीही १९१७च्या पुनर्निर्मितीतली असावीत, असे काही अभ्यासक मानतात.

मूकपटाची चौकट ४:३. माझ्या २०१२च्या आयपॅडचा पडदाही ४:३, २०४८ × १५३६ ठिपक्यांचा. म्हणजे चित्र काठोकाठ बसायला हवे. पण फाइल एचडी, १९२० × १०८०ची, रुंद. तिच्यात चित्राला १४४० × १०८० एवढीच जागा. दोन्ही कडा काळ्या. ती पडद्याच्या रुंदीला बसवली की वरखालीही पट्टे येतात. चित्राला उरतो पडद्याचा नऊ-सोळांश भाग, १५३६ × ११५२. फाइलमधले साडेपंधरा लाख ठिपके सुमारे पावणेअठरा लाखांवर पसरतात. वाढीव ठिपके यंत्र अंदाजाने भरते.

अशा चित्राने मला फसवले. अण्णा साळुंके तारामती झाले होते, हे ठाऊक असल्याने थांबवलेल्या दृश्यात ओठावर दिसलेली रेघ मी मिशीची खूण म्हणून वहीत टिपली. दुसऱ्या प्रतीत ती रेघच नव्हती. नोंद खोडावी लागली.

तेव्हापासून पुराव्याशेजारी मी फाइलचे मापही लिहितो. पडदा कितीही बारीक असो, रिळावरून जे उतरलेच नाही ते तो दाखवू शकत नाही.