आस्कंद कुठला?

अश्वगंधेला आपण मराठीत आस्कंद म्हणतो. तथापि वैद्यांच्या आणि काष्ठौषधी विकणाऱ्या पंसाऱ्यांच्या तोंडी तो बहुधा ‘नागोरी आस्कंद’ असाच येतो. मारवाडातील नागोरचे नाव या मुळीला चिकटले, यामागे जुनी दृष्टी आहे. औषधी कोणत्या भूमीतील व कोणत्या ऋतूत घ्यावी, याचा विचार चरकसंहितेच्या कल्पस्थानात आढळतो. मुळे ग्रीष्मात वा शिशिरात काढावीत, असे तेथे सांगितले आहे.

कालांतराने ‘नागोरी’ हे स्थळाचे नाव प्रतीचे नाव झाले आणि त्या नावाचा माल माळव्यातूनही येऊ लागला. माळव्यातील नीमच, जावद हा मुलूख १९४८ पर्यंत शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होता. तेथील हलक्या जमिनीत पावसाळ्यात पेरलेला आस्कंद जानेवारीपासून खणतात. चरकांचा शिशिर तो हाच. लागवडीची मुळी जाड, पिठूळ, चटकन मोडणारी. रानातली बारीक व चिवट. हा भेद पाहून १९५७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ कैलासनाथ कौल यांनी लागवडीच्या आस्कंदाला स्वतंत्र जाती मानावे, असा पक्ष मांडला. तो सर्वमान्य झाला नाही. परंतु प्रश्न उरला.

त्याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. १९६० च्या दशकात इस्राएलमध्ये दाविद लावी व त्यांच्या सहकाऱ्यांना त्या एका देशातच या वनस्पतीचे तीन रासायनिक प्रकार आढळले. एकात विथाफेरिन-ए, दुसऱ्यात विथॅनोलाइड-डी, तर तिसऱ्यात निराळाच समूह प्रमुख होता. पुढे त्यांच्या संकरांच्या अभ्यासातून हे भेद आनुवंशिक असल्याचे दिसले. कोणती द्रव्ये निर्माण व्हावीत हे मुख्यतः बीज ठरवते. ती किती साठावीत यावर माती, पाणी, रोपाचे वय आणि खणण्याचा काळ यांचा प्रभाव पडतो.

म्हणूनच मंदसौरच्या कृषी संशोधन केंद्रात निवडलेल्या ‘जवाहर आसगंध-२०’ सारख्या वाणांचे महत्त्व आहे. मंदसौरचे उद्यानविद्या महाविद्यालय आता आपल्याच शहरातील, २००८ मध्ये स्थापन झालेल्या, राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाच्या कक्षेत येते.

आज हरिशंकरपुरममध्ये कोणत्याही दुकानातून चूर्णाची डबी आणावी, तर तिच्यावर ‘अश्वगंधा’ हे नाव ठळक असते. वाण आणि भूमी यांचा उल्लेख क्वचितच सापडतो. दोन डब्यांतील चूर्ण वजनाने सारखे भरले, तरी त्यांचे औषध सारखे असेलच असे नाही. मात्रा मात्र आपण चमच्याने मोजतो. पूर्वीचे गिऱ्हाईक ‘आस्कंद कुठला?’ असे विचारून मगच पुडी बांधून घेई. त्या प्रश्नात आता ‘कोणत्या वाणाचा?’ एवढीच भर घालावयाची आहे.