ओढ्याची वही

स्मरणिकेसाठी ‘आपल्या शाळेतल्या विज्ञानाचा इतिहास’ लिहून दे, असे संपादक मंडळाने सांगितले आणि मी हो म्हटले. लिहायला बसले तेव्हा ध्यानात आले, की या इतिहासातले एक पान मलाच दुरुस्त करायचे आहे. ते पुढे येईलच.

साल १९९५. आपण नववीत होतो. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. तिची अट साधी होती. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी गट करून आपल्याच परिसरातला एखादा प्रश्न घ्यायचा, स्वतः तपासायचा आणि जे हाती लागेल ते मांडायचे. विज्ञानाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, “थर्माकोलचा ज्वालामुखी आणलात तर परत पाठवीन. शाळेमागे ओढा आहे, तिथे जा.”

बाईंना ही पद्धत कुठून सुचली, हे तेव्हा विचारले नाही. पुढे वाचताना कळले, की असे शिकवण्याची वाट आपल्या शेजारच्या राज्यात आधीच पडली होती. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी सहावी ते आठवीच्या सोळा शाळांमध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर गेला आणि १९८२ नंतर ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला. मुले शेतात आणि नाल्यावर जात, पाने गोळा करून त्यांचे गट पाडत, जे दिसेल ते वहीत लिहीत. परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा असे, कारण उत्तर पुस्तकात नसेच! पुण्याला टेल्कोत नोकरी करणारे अभियंते अरविंद गुप्ता रजा काढून तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून शिकवू लागले. २००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला.

आमच्या पाच जणींच्या गटाचा प्रश्न होता: कपडे धुण्याच्या दगडांच्या खालच्या अंगाला चतुर कमी का दिसतात? चतुराची पिल्ले पाण्यातच वाढतात, हेही आम्हाला तेव्हाच कळले. दर रविवारी सकाळी दोन ठिकाणी, दगडांच्या वर आणि खाली, चहाच्या गाळणीने ठरावीक वीस वेळा पाणी उपसायचे आणि पिल्ले मोजून परत सोडायची. काठावर एक मीटरचा सुतळीचा चौकोन टाकून झाडोरा मोजायचा. डोहात दोरीला बांधलेली पांढरी ताटली सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. पाण्याचा गढूळपणा मोजण्याची ही युक्ती इटलीच्या सेकी नावाच्या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्रावर वापरली होती. बाईंनी स्वयंपाकघरातली ताटली दिली.

साबणामुळे पिल्ले मरतात, हे आम्ही आधीच ठरवून टाकले होते. पण दगडांच्या वरच्या अंगालाही, जिथे काठ उघडा होता तिथे, पिल्ले कमीच सापडली. लव्हाळा होता तिथे ती जास्त होती. म्हणजे दोष साबणाचा की काठ बोडका झाल्याचा? बाईंनी निष्कर्षात लिहायला लावले, ‘एवढ्या नोंदींवरून सांगता येत नाही.’ आम्हाला ते फार लागले. जिल्ह्यात आमची निवड झाली नाही, तेव्हा या वाक्यामुळेच हरलो असे सगळ्याच म्हणत होतो.

आता माझे पान. सप्टेंबरातल्या एका रविवारी पाळी माझी होती. पाऊस होता, मी गेलेच नाही. आधीच्या आकड्यांची सरासरी काढून, थोडे इकडेतिकडे करून, रकाने भरून टाकले. सोमवारी बाईंनी वही पाहिली आणि मला एकटीला बोलावले. “काल मी पुलावर उभी होते. दगड दिसतसुद्धा नव्हते. तू पिल्लं कुठून मोजलीस?” मी मान खाली घातली. त्यांनी माझे आकडे एका रेघेने खोडले, शेजारी ‘नोंद नाही’ लिहिले आणि वही परत दिली. वर्गात एक शब्द काढला नाही. तुम्ही चौघी आजवर समजत आलात, की पुरामुळे ती ओळ खोडली गेली. तसे नव्हते. तीस वर्षांनी माफी मागते.

माझी नोकरी आकड्यांचीच आहे. न केलेल्या चाचणीपुढे ‘पास’ लिहिण्याचा मोह मी अनेक टेबलांवर पाहिला आहे, माझ्याही. अशा वेळी ती लाल रेघ आठवते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि पुढे तो वेगळा विषयही झाला. माझ्या मुलाचा पर्यावरण प्रकल्प मात्र दुकानातल्या तयार चित्रांवर उरकला. दुसरीकडे डॉ. माधव गाडगीळ यांनी लोकांनीच आपल्या गावच्या जीवसृष्टीची नोंदवही करावी हा विचार मांडला आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर अशा नोंदवह्या करणे हे स्थानिक समित्यांचे कामच झाले. आपली वही त्याच जातीची होती.

गेल्या वर्षी शाळेत गेले, तर ओढा स्लॅबखाली गेलेला. वर रिक्षा स्टँड आहे. वही मात्र बाईंनी जपून ठेवली आहे. तिथे चतुर होते, लव्हाळा होता, पाणी कुठवर नितळ होते, याचा लेखी पुरावा बहुधा तेवढाच. खोडलेली ओळ आहे म्हणून बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवता येतो.

मेळाव्याच्या दिवशी बाई वही घेऊन येणार आहेत. शाळेला माझी विनंती आहे, की ती काचेच्या कपाटात न ठेवता नववीच्या मुलांच्या हाती द्यावी. गावाबाहेर ओढा अजून उघडा आहे. पुढची पाने कोरी आहेत.