कडी लावून केलेला व्यायाम

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट कंबरेची आहे, आणि ती माझ्याच घरातून सुरू होते.

२०२० चा एप्रिल. लॉकडाऊन लागलेला. परभणीतलं आमचं दोन खोल्यांचं घर, बाहेर ४० डिग्रीचं ऊन, जिम बंद. मी आतल्या खोलीची कडी लावायचे, मोबाइल कपाटाला टेकवायचे आणि बेली डान्सचा वीस मिनिटांचा वर्कआउट करायचे. गुडघे किंचित वाकवायचे, खांदे स्थिर ठेवायचे आणि कंबरेनं हवेत आडवा आठ काढायचा. दिसायला सोपं आहे हो, पण पाचव्या मिनिटाला पोट आणि मांड्या थरथरायला लागतात.

एक दिवस कडी लावायची राहिली. काकू आत आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "असले नाच चांगल्या घरातल्या पोरी करत नसतात." मी व्हिडिओ बंद केला. महिनाभर उघडलाच नाही.

पण डोक्यात एक प्रश्न राहिला. हा नाच 'असला' कधी झाला?

इजिप्तमध्ये याच्या रंगमंचावरच्या प्रकाराला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. पण तिथं लग्नकार्यात घरातल्या साध्या बायकाही बायकांमध्ये असंच नाचतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अडचण व्हायची ती पोटासाठी लोकांपुढं नाचणाऱ्या बायकांची. त्यांना 'गवाझी' म्हणत. १८३४ मध्ये तिथला शासक मुहंमद अलीनं त्यांना कैरोतून हाकलून दक्षिणेकडच्या गावांत पाठवलं.

आणि 'पोटाचा नाच' हे नाव? ते इजिप्तचं नाहीच. ते फ्रेंचांनी दिलं. १८९३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. हो, तेच, ज्याच्या निमित्तानं झालेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. त्याच प्रदर्शनात 'कैरोची गल्ली' उभारली होती आणि लोक तिकीट काढून हा नाच बघायला जात होते. मनोरंजनाचा भाग सॉल ब्लूम नावाचा तरुण सांभाळत होता. 'पोटाचा नाच' म्हटलं की गर्दी होते, हे त्याला पक्कं कळलं होतं. म्हणजे बघा, नाच एकीकडचा आणि नाव तिकीट विकणाऱ्यांचं.

पुढं १९२६ मध्ये बदिया मसाबनी या बाईनं कैरोत स्वतःचं नाट्यगृह काढलं. तहिया कारिओका, सामिया गमाल या नर्तकी तिथूनच पुढं आल्या आणि इजिप्तच्या सिनेमात गाजल्या. आपल्याकडं मात्र हा नाच आला तो हिंदी सिनेमातून. १९७५ चा 'शोले' आठवा. हेलन नाचते कुणापुढं, तर गब्बरपुढं. माझ्या काकूनं हा नाच तिथंच बघितलेला. मग तिला तो 'असला' वाटला, यात तिचा काय दोष?

अमेरिकेत बायका हा नाच हौसेनं शिकायला लागल्या, तेव्हा शिकवणीच्या एलपी रेकॉर्डही निघाल्या. त्यातल्या एकीचं नाव होतं, 'नवऱ्याला सुलतान कसं बनवाल'! म्हणजे कंबर बाईची आणि फायदा नवऱ्याचा. मग १९८२ मध्ये जेन फोंडाची वर्कआउटची व्हिडिओ कॅसेट आली आणि व्यायाम जिममधून बैठकीच्या खोलीत आला. त्याच वाटेनं पुढं बेली डान्सच्याही व्यायामाच्या कॅसेट आणि डीव्हीडी निघाल्या. आता समोर बघणारं कुणी नव्हतं. आपण, टीव्ही आणि आपला घाम. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि एक जीबी महिनाभर पुरवून वापरणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मोबाइलवर हे सगळं येऊन पोचलं.

मी परत सुरुवात केली ती आजीमुळं. आजी गंगाखेडकडची, संत जनाबाईच्या गावची. पहाटे जात्यावर बसून दळण दळलेली. एका दुपारी तिनं दार ढकललं. "काय करायलीस गं पोरी?" मी घाबरत दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आमी पंचमीला फेर धरायचो, फुगड्या घालायचो. घाम निघंपर्यंत. तवा कडी लावायची गरज नव्हती. गडीमाणसं तिकडं फिरकतच नव्हती."

फुगडी आणि बेली डान्स एक नाहीत, हे मला कळतं. पण बायकांनी बायकांमध्ये, कुणाला दाखवायला नाही तर स्वतःसाठी अंग मोकळं करायचं, ही रीत कैरोतही होती आणि गंगाखेडातही. ती मोडली कुणी, तर बाहेरून तिकीट काढून बघणाऱ्यांनी.

काकू अजून माझ्या खोलीत येत नाही. पण मागच्या आठवड्यात स्वयंपाक करता करता हळूच म्हणाली, "कंबरदुखीला चालतं का गं ते?" मी म्हटलं, "काकू, आधी डॉक्टरला विचार. ते हो म्हणाले तर ये सकाळी. कडी लावून घेऊ."

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत बसल्या जागेवरून उठा जरा!