उद्भासन-नियंत्रण, स्वयंचलित : बिबट्यांचे रात्रीचे छायाचित्रण

छायाचित्र घेताना संवेदी पृष्ठावर पडणाऱ्या प्रकाशाच्या एकूण मात्रेस उद्भासन म्हणतात. ते भिंगाचे द्वारक व झडप उघडी राहण्याचा काल यांवर ठरते. प्रकाश मोजून द्वारक आपोआप बसविणारा कॅमेरा कोडॅक कंपनीने १९३८ मध्ये प्रथम विक्रीस आणला. त्यात सिलिनियमाचा प्रकाशविद्युत् घट होता. अंकीय कॅमेऱ्यात हे मापन बहुधा प्रतिमा टिपणारा संवेदकच करतो. परंतु दृश्याची सरासरी छटा मध्यम करडी असते, हे मूळ गृहीतक कायम राहिले. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील उसाच्या फडात रात्रीच्या वेळी ते टिकत नाही.

कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर या तालुक्यांत ऊस वाढला आणि उसात बिबट्या स्थिरावला. २००१ पासून येथील अनेक बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जुन्नर परिसरात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी १९९३–२००१ या काळात ४ होती, ती २००१–०३ मध्ये १७ झाली. त्यामुळे हल्ला करणारा बिबट्या नेमका कोणता, हा प्रश्न निकडीचा ठरला. कातडीखाली बसविलेली सूक्ष्म चकती जनावर हाती आल्यावरच वाचता येते. दुरून ओळखण्याचे साधन म्हणजे अंगावरील ठिपके. ते प्रत्येक बिबट्याचे निराळे, आणि एकाच बिबट्याच्या दोन्ही कुशींवरही निराळे असतात. म्हणून वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात.

ही पद्धत मुळात जंगलातली. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० नंतरच्या दशकात संयुक्त प्रांतात वाटेवर तार ताणून वाघांची रात्रीची छायाचित्रे घेतली. के. उल्हास कारंथ यांनी १९९० नंतर नागरहोळे येथे पट्ट्यांवरून वाघांची गणती केली. फिल्मच्या काळात चूक कळे ती फिल्म धुतल्यावर.

उसाची अडचण वेगळीच. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. कॅमेऱ्यापासून १ मीटरवरील पानावर ४ मीटरवरील बिबट्याच्या १६ पट प्रकाश पडतो. पानाने चित्र पुरेसे उजळले असे मानून यंत्रणा उद्भासन घटविते आणि मागचा बिबट्या काळवंडतो. उलट तो भिंगाच्या अगदी जवळून गेला, तर ठिपके पांढुरक्या डागात विरतात. अवरक्त दिव्यांनी जनावर बिचकत नाही, हा मोठाच लाभ; पण प्रकाश मंद असल्याने झडप अधिक काळ उघडी राहते व चालत्या बिबट्याची कूस पुसट उमटते. अशा चित्रावरून ओळख पटत नाही. मग पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या हल्ला करणाराच होता की नव्हे, हे न ठरताच त्याची रवानगी माणिकडोहच्या निवारा केंद्रात होऊ शकते.

यावरचे उपाय साधे आहेत. कॅमेरा फडात न लावता बांधावर किंवा गाडीवाटेवर लावावा, समोरची पाने छाटावीत आणि दिव्याची तीव्रता वाटेचे अंतर मोजून हाताने ठरवावी.