आधी माती भाजली, मग बी टाकलं

पोळ्याच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात कांद्याची रोपं टाकली जातात. बी चांगल्या घरचं असतं, वाफा नीट ओलवलेला असतो आणि आठ-दहा दिवसांत मातीवर बारीक हिरवी लव दिसू लागते. मग आभाळ भरून येतं, दोन दिवस झड लागते. उघडीप पडून माणूस वाफ्यावर जातो तर मधेमधे गोल टक्कल पडलेलं. कडेची रोपं उभी, मधली आडवी. पडलेलं रोप चिमटीत धरून ओढलं की मातीला लागून तुटतं. तिथे देठ पाणचट होऊन सुतासारखा बारीक झालेला असतो. ‘रोपानं मान टाकली’ किंवा ‘रोपाला मर लागली’ असं म्हणतात ते हेच. कृषी पुस्तिकांत याला ‘रोपे कोलमडणे’ असं नाव आहे.

पण दिसणारी मर ही अर्धीच. उरलेली अर्धी मातीखाली होते. मोड मातीबाहेर डोकावण्याआधीच कुजतो, वाफ्यात काहीच उगवत नाही आणि खापर फुटतं ते बियाण्याच्या दुकानदारावर. दरवर्षी होणाऱ्या अशा भांडणांत काही वेळा दुकानदार खरोखर दोषी असतो. पुष्कळदा मात्र पिशवीतलं बी जिवंत होतं आणि वाफ्यात मेलं.

त्याला मारणारा कोण, हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नाथानाएल प्रिंग्सहाइम यांनी १८५८ मध्ये ‘पिथियम’ या प्रजातीचं वर्णन केलं. १८७४ मध्ये हेस्से या दुसऱ्या जर्मन अभ्यासकाने कोवळी रोपं लोळवणारं पिथियम ओळखून दाखवलं. भारतात हे काम एडविन बटलर यांनी केलं. बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेती संशोधन संस्थेत ते कवकशास्त्रज्ञ होते आणि १९०७ मध्ये त्यांनी पिथियमवर स्वतंत्र प्रबंधच प्रसिद्ध केला. शेतकरी आणि कृषी सहायक दोघेही पिथियमला बुरशी म्हणतात, व्यवहारात ते ठीकच आहे. वंशावळीने मात्र ते खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शेवाळाच्या जवळचं आहे. त्याचे बीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहतात. मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत ते मुळापर्यंत येतात, आणि पाणी नसेल तेव्हा जाड कवचाचे दुसरे बीजाणू करून वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात. रायझोक्टोनिया, फ्युजेरियम या खऱ्या बुरश्याही याच कामात असतात. पण झडीनंतर एका रात्रीत वाफा बसला तर पहिला संशय पिथियमवरच घ्यावा.

पोहणाऱ्या शत्रूला पाणी मिळू नये, एवढ्या एकाच हेतूने पाहिलं तर गादीवाफा ही किती विचारी रचना आहे ते कळतं. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच हे त्याचं रूढ माप. रुंदी एक मीटर, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. उंची पंधरा सेंटिमीटर, कारण जादा पाणी सरीत उतरलं पाहिजे. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावच्या भारी काळ्या जमिनीत ही उंची अधिकच मोलाची, कारण ती माती एकदा भिजली की पाणी सोडायला तयार नसते. सपाट वाफ्यात बी फोकून पाटाने पाणी देण्याची सवय अजून गेलेली नाही. ज्या वर्षी पाऊस बेताचा असतो त्या वर्षी ती खपून जाते.

माती उंच करणं ही झाली एक युक्ती. दुसरी त्याहून जुनी आणि जास्त दांडगी: बी टाकण्याआधी माती भाजणं.

सह्याद्रीच्या भातशेतीत तिला राब म्हणतात. ठाणे, रायगड (तेव्हाचा कुलाबा) आणि मावळात रोपाच्या जागेवर टहाळ, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर रचून वर थोडी माती टाकायची, उन्हाळ्यात ते संथपणे जळू द्यायचं आणि पहिल्या पावसावर त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचा. इंग्रज सरकारने जंगलं राखीव करायला सुरुवात केली आणि टहाळ तोडण्यावर बंधनं आली तेव्हा शेतकरी उठले. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई इलाख्याच्या वन आयोगापुढे राब हा मोठा वादाचा विषय होता. जंगल खात्याच्या साहेबांना ही नुसती नासाडी दिसे. राख हवी असेल तर राख घाला, खत हवं असेल तर खत घाला, झाडं कशाला छाटता, असा त्यांचा सवाल. शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं: राबाशिवाय रोप धरत नाही. का, ते त्याला सांगता येत नव्हतं, आणि ज्याला कारण सांगता येत नाही त्याची बाजू सरकारी कागदावर लंगडीच पडते.

उत्तर यायला पंचवीस वर्षं लागली. १९०९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवून दिलं की माती तापवली की तिच्यातले काही सूक्ष्मजीव मरतात, उरलेल्यांचा जोर वाढतो आणि रोपाला मिळणारा नत्र वाढतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात हॅरॉल्ड मॅन, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी राबाचीच तपासणी करून १९१२ मध्ये त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की राख हा हिशेबातला एक भाग होता, आचेचा भाग निराळा होता. यातले कानिटकर पुढे सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधनासाठी ओळखले गेले. बीडसारख्या जिल्ह्याशी त्यांच्या या नंतरच्या कामाचा संबंध जास्त.

बीडला मात्र पुण्याचं हे शास्त्र सरळ आलं नाही. जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुण्याच्या शेती खात्याचा हुकूम इथे चालत नव्हता. संस्थानाचं शेती संशोधन परभणीला १९१८ मध्ये सुरू झालेल्या प्रक्षेत्रावर चाले, तिथेच १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ उभं राहिलं. शिवाय बीड भाताचा मुलूख नव्हे, त्यामुळे राब हा शब्दही इथला नाही. पण रोपाच्या वाफ्यावर पालापाचोळा, काडीकचरा पेटवून मग बी टाकण्याची शिफारस राज्यभरच्या पुस्तिकांत शिरली आणि घाटाखालची ती जुनी आग अशा रीतीने मिरचीच्या वाफ्यापर्यंत पोचली.

घरात बी जपण्याच्या रीती तर पुस्तिकांपेक्षा कितीतरी जुन्या. दोडक्याचं, भोपळ्याचं बी शेणात थापून भिंतीला चिकटवायचं, धान्याचं बियाणं राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायचं. बी पेरण्याआधी त्यावर संस्कार करावेत हे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तही आहे, उसाच्या कांड्यांच्या कापांना मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण लावायला तिथे सांगितलं आहे. आज ऊस लावणाऱ्या माजलगावच्या शेतकऱ्याला यातलं शेण पटेल, बाकीच्याचा भाव तो आधी विचारील.

आणि घरोघरचा घट. नवरात्रात शेतातली माती आणायची, परडीत किंवा पत्रावळीवर पसरायची, मधे मातीचा घट ठेवून भोवती गहू, ज्वारी आणि घरात असेल ते धान्य पेरायचं. घटातून पाणी झिरपत राहतं. नऊ दिवसांत हातभर धान येतं आणि दसऱ्याला ते टोपीत खोवून पुरुषमंडळी सोनं वाटायला निघतात. कुठलं धान्य जोमानं आलं ते जाणती माणसं निरखतात. उगवणशक्तीची ही घरगुती चाचणीच. मात्र घटाची रीत जशीच्या तशी रोपासाठी उचलली तर फसगत होते. तिथे बी दाट, ओल सतत, उजेड कमी, हवा कोंडलेली. नऊ दिवसांच्या पाहुण्याला ते चालतं. पुढे सहा-आठ आठवडे जगायचं आहे त्या कांद्याच्या रोपाला याच चार गोष्टी मारतात. घरच्या गच्चीवर चहाच्या कपात टोमॅटो लावणारे बहुतेक जण नकळत घटच मांडत असतात: कपाला भोक नाही, बी चिमूटभर, पाणी सकाळ-संध्याकाळ. बी विरळ टाकून सेंटिमीटरभर खोल पेरलं, पाणी सकाळीच दिलं आणि वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा दिलं नाही, तर निम्म्याहून अधिक औषधांची गरजच पडत नाही.

औषधांची गोष्ट द्राक्षाच्या चोरीतून निघते. फ्रान्समधल्या बोर्दो परगण्यात वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना फासत. पानं विषारी दिसावीत, एवढाच उद्देश. १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानात आलं की याच वेलींवर केवडा पडलेला नाही. १८८५ मध्ये त्यांनी मिश्रण जाहीर केलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे एक टक्का बोर्डो मिश्रण आजही मराठी शेतकऱ्याला तोंडपाठ असतं, आणि तयार द्रावणात लोखंडी खिळा बुडवून तो तांबूस झाला तर चुना वाढवायचा, हेही. खास कोलमडणाऱ्या रोपांसाठी इंग्लंडच्या चेशंट केंद्रात १९२१ च्या सुमारास बेवली यांनी मोरचूद आणि अमोनियम कार्बोनेटचं निराळं मिश्रण काढलं. पुढे थायरम आणि कॅप्टान आली. किलोला तीन ग्रॅम चोळून बी पेरायचं ही शिफारस तेव्हापासूनची.

जिवंत उपाय त्याच काळात सापडला होता. १९३२ मध्ये वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्मा ही बुरशी रायझोक्टोनियाला विळखा घालून खाते हे दाखवलं. शेतात ती यायला मात्र पन्नासेक वर्षं गेली. परभणी विद्यापीठाच्या ‘बायोमिक्स’ या जैविक मिश्रणासाठी आता मराठवाड्यातून शेतकरी येतात. एक चूक सर्रास होते: ट्रायकोडर्मा आणि ताम्रयुक्त औषध एकाच दिवशी, एकाच वाफ्यात. विकत आणलेल्या बुरशीला विकत आणलेल्या विषाने मारण्याचा हा दुहेरी खर्च.

तापवलेल्या मातीकडे जग पुन्हा वळलं ते बंदिस्त शेतीमुळे. लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी १९३० च्या दशकात वाफेने तापवलेल्या मातीचं ठरावीक मिश्रण बसवलं. मग १९७६ मध्ये इस्रायलच्या याकोव कातान यांनी इंधनच काढून टाकलं: भिजवलेल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं, कडा मातीत दाबायच्या आणि कडक उन्हात चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. कागद काळा नको, पारदर्शकच हवा. काळा स्वतः तापतो, पारदर्शक ऊन आत सोडतो. माती ओली हवी, कारण ओल्या मातीत आच खोल जाते आणि जागे झालेले बीजाणू लवकर मरतात. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे सहज जातो तिथे हा राब फुकट भाजून मिळतो, टहाळही तोडावा लागत नाही. तरी तो होतो कमी. मे महिन्यात ऑगस्टच्या रोपाचा विचार करायला सवड कुणाला? ऊसतोडीला गेलेली कितीतरी घरं तर तेव्हा नुकतीच गावी परतलेली असतात.

दरम्यान बाजाराने मातीलाच फाटा दिला. अमेरिकेतल्या फ्लोरिडात जॉर्ज टॉड यांनी उलट्या पिरॅमिडच्या आकाराच्या खोबणींचे ट्रे रोपांसाठी काढले. खाली निमुळती, भोक असलेली खोबण, म्हणजे पाणी साचत नाही आणि मूळ गोल फिरत नाही. भरायला आधी पीट होतं, मग केरळ-तमिळनाडूत काथ्या काढून उरलेला नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आलं. त्यात गावच्या मातीतलं पिथियम नसतं. खारवलेला भुसा नीट धुतलेला नसेल तर रोप पिवळं पडतं, ती तक्रार वेगळी. राज्य सरकारने २०२०-२१ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेत शेडनेटसाठी निम्मं अनुदान सुरू केलं आणि मिरची-टोमॅटोचं रोप घरी टाकण्याऐवजी मागणी नोंदवून आणण्याची रीत अधिक पसरली. ट्रे मात्र परत येतात, पुन्हा भरले जातात, आणि जुन्या मुळांचे धागे खोबणीत तसेच राहिले तर त्यांच्यासोबत बीजाणूही राहतात.

कांदा या सगळ्यातून बाहेर राहिला, तो हिशेबामुळे. मिरची किंवा टोमॅटो नव्वद बाय तीस सेंटिमीटरवर लावले तर एकरी साधारण पंधरा हजार रोपं लागतात, म्हणजे अठ्ठ्याण्णव खोबणींचे दीडशेच्या वर थोडे ट्रे. कांदा पंधरा बाय दहावर लागतो: एकरी अडीच लाखांच्या वर रोपं, त्याच ट्रेंचा हिशेब केला तर सत्तावीसशे. एवढे ट्रे आणि एवढं कोकोपीट कुठल्याच भावात परवडत नाही. म्हणून आष्टीचा कांदेवाला अजून गादीवाफाच ओढतो, आणि त्याच्या वाफ्याला मे महिन्यातला प्लास्टिकचा कागद आजही सत्तावीसशे ट्रेंपेक्षा स्वस्त पडतो.