रान कोणाला मोकळे?

निसर्गावर लिहावयाचे तर निसर्गात जाऊन राहिले पाहिजे, असे प्रस्थापित साहित्यिक मोठ्या जिव्हाळ्याने सांगत आले आहेत. तेथे जाऊन निर्धास्त राहता येते कोणाला, हा प्रश्न त्यांना पडलेला नाही. अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून तो तपासून पाहू.

ऑरेगन राज्यात कॅस्केड पर्वताच्या पायथ्याशी मॅकेन्झी नदी आहे. तिच्या काठी १९८०च्या दशकात जुडिथ बॅरिंग्टन आणि रूथ गंडल यांनी केवळ स्त्रियांसाठी उन्हाळी लेखनशिबिरे सुरू केली. चूल, मूल, नोकरी यांतून सुटून बाईने काही दिवस फक्त लिहावे, हा हेतू चांगलाच होता. तेथे शिकवावयास एव्हलिन सी. व्हाइट ही काळी लेखिका गेली. काळ्या स्त्रियांना घरात सोसाव्या लागणाऱ्या मारहाणीवर १९८५ साली पुस्तक लिहिणारी ही बाई काही भित्री नव्हती. पण इतर जणी डोंगर चढत, गरम झऱ्यांत डुंबत, तेव्हा ही आपल्या खोलीत बसून राही. ‘ब्लॅक विमेन अँड द वाइल्डरनेस’ या निबंधात तिने हे स्वतःच नोंदविले आहे.

भीती अस्वलाची नव्हती, माणसांची होती. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला ठार मारून नदीत फेकले. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बने चार काळ्या मुली मेल्या. ज्यांच्या माणसांना झाडाला टांगले गेले, त्यांनी झाडाकडे नुसते झाड म्हणून कसे पाहावे?

आणि ऑरेगनचा इतिहास काय आहे? १८४४ च्या कायद्याने तेथे गुलामगिरी बंद झाली, पण त्याच कायद्याने काळ्यांना मुदतीत प्रदेश सोडावयास फर्मावले. न सोडणाऱ्यास दर सहा महिन्यांनी २० ते ३९ फटके! (फटक्यांची तरतूद अंमलात येण्यापूर्वीच बदलली, एवढेच.) १८५७ च्या राज्यघटनेत काळ्यांना येऊन राहण्यास बंदी घालणारे कलम मतदारांनी प्रचंड बहुमताने घातले. ते १९२६ पर्यंत घटनेत होते. कालापूया आणि मोलाला या मूळ जमातींना तर १८५५ चे करार करून पुढल्याच वर्षी ग्रँड रोंडच्या राखीव प्रदेशात नेऊन टाकले होते. रान निर्मनुष्य नव्हते, ते तसे करण्यात आले.

१९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी दोन कायद्यांवर सह्या केल्या. २ जुलैला नागरी हक्कांचा, ३ सप्टेंबरला रानसंरक्षणाचा. दुसऱ्यात रानाची व्याख्या अशी की माणूस तेथे फक्त पाहुणा, मुक्कामाला न राहणारा. दोन्ही कायद्यांची कधी एकत्र चर्चा होते काय?

मात्र काळ्या स्त्रीला रान कळतच नव्हते, असे समजणे चुकीचे होईल. हॅरिएट टबमनने सुमारे तेरा फेऱ्यांत सत्तरएक गुलाम सोडविले ते रात्रीच्या जंगलातून, दलदलीतून, ध्रुवताऱ्याच्या खुणेने. पण ते ज्ञान जीव वाचविण्याचे होते, आणि म्हणूनच ते ‘निसर्गलेखन’ या सदरात कोणी धरले नाही.

माझी आजी आयुष्यभर मोळ्या आणावयास रानात गेली. तिला झाडांची नावे, कोणते लाकूड धुरते, कोणते नीट जळते, सगळे ठाऊक होते. रान सुंदर आहे असे तिच्या तोंडून मी ऐकले नाही. राखणदार कोणत्या वाटेला असतो, ते मात्र ऐकले. मी घरातला पहिला पदवीधर. निसर्गकविता वर्गात शिकवितो तेव्हा ती वाट आठवते. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव घेतले ते काळ्यांच्या लढ्यातून. त्यांच्या बायकांच्या या लिखाणाकडे मात्र आपलेही लक्ष उशिराच गेले.

व्हाइट पुन्हा त्या शिबिराला गेली. एका उन्हाळ्यात, आफ्रिकेतल्या पूर्वजांना नदीकाठी वाटत असेल ती निर्भयता परत मिळवावयाची, असे ठरवून ती इतरांबरोबर रबरी तराफ्यावर चढली आणि मॅकेन्झीच्या पाण्यात उतरली.